बिनदुधाचे आठ दिवस

माझी सून तिच्या लेकीला आठ दिवस माझ्याकडे ठेवणार की नाही, यावर आमच्याकडे मार्चपासून बोलणी चालली होती. लग्नाची बोलणी बरी, ती एका बैठकीत आटपतात. ही फोनवरून दीड महिना चालली.

आमचं घर नागावला. मागे नारळाची वाडी, थोड्या पोफळी, आणि पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची माणसं येतात, समुद्रात डुंबतात आणि माझ्या हातचं जेवून जातात. मुलगा-सून पनवेलला राहतात. सुनेच्या ऑफिसचं पुण्याला आठ दिवसांचं ट्रेनिंग निघालं होतं, मे महिन्यात. मुलाची कारखान्यात पाळीची नोकरी. म्हणजे पोरीला माझ्याकडे ठेवण्यावाचून इलाज नव्हता. तरी सून विचार करत होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

कारण माझ्या नातीला दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही किंवा पोट बिघडतं असं नव्हे. दुधाचा थेंब पोटात गेला की पोरीच्या अंगावर गांधी उठतात. लाल, फुगीर, मध्ये पांढुरक्या, जशा गांधीलमाशीनं दहा ठिकाणी चावल्यावर उठाव्यात. ओठ सुजतात, डोळ्यांच्या पापण्या जड होतात, आणि खाज अशी की पोर स्वतःचंच पोट ओरबाडते.

हे पहिल्यांदा कळलं तेही माझ्यामुळेच. पोर सहा महिन्यांची असताना मी पनवेलला गेले होते. आमच्यात तान्ह्या बाळाला साय आणि मसुरीचं पीठ लावून न्हाऊ घालतात. माझी तिन्ही मुलं तशीच न्हाली आणि काळी ती काळीच राहिली, पण रीत ती रीत. मी पाय पसरून पोरीला पायावर घेतलं, साय चोळली. तर पाठीवर माझ्या पंजाचा ठसा उमटला. पाच बोटं, लाल, मोजून घ्या. मला वाटलं पीठ जाडं दळलंय, ते टोचलं. म्हणून ठसा निवावा म्हणून त्याच्यावर आणखी साय लावली! आता सांगताना हसू येतं. तेव्हा पोर रडून निळी झाली होती आणि सून दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग डॉक्टर, रक्ताच्या तपासण्या, कातडीवरची तपासणी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या पण धीराच्या. त्यांनी समजावून सांगितलं की या मुलीचं अंग दुधाला शत्रू समजतं, आणि दुधाशी भांडण सुरू झालं की ते कातडीवर दिसतं.

मी म्हटलं, "गाईचं नको तर शेळीचं देऊ का?"

"नको, आजी."

"म्हशीचं?"

"तेही नको."

"बरं, मग नुसतं तूप?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी, तूप कशाचं होतं?"

सून खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. ती त्या दिवसांत पहिल्यांदाच हसली, म्हणून मी वाईट वाटून घेतलं नाही. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे तुपाला दूध कोण म्हणतं? दूध म्हणजे पेल्यातलं. तूप म्हणजे देवाच्या निरांजनातलं, भातावरचं, पुरणपोळीवरचं. ते वेगळ्या खात्यात.

त्यानंतर साडेचार वर्षं गेली. पोर दोन-चार दिवस यायची ती आईला घेऊनच. मी काय रांधते, कुठल्या डावानं ढवळते, सून मागे उभी. एकदा मी चहा पिता पिता उठून पोरीचा मुका घेतला तर गालावर माझ्या ओठांएवढी लाल टिकली. तेव्हापासून पोरीला हात लावायच्या आधी मी चूळ भरते आणि हात धुते. देवाला शिवताना एवढं सोवळं मी पाळलेलं नाही.

तर एप्रिलअखेर सून हो म्हणाली. पोरीला सोडायला आली ती दोन पिशव्या घेऊन. एकीत कपडे, एकीत औषधं आणि एक कागद. कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात सगळं लिहिलेलं. गांधी उठल्या, नुसती खाज आली तर हे औषध, एवढं. खाल्लेलं तोंडातून काढून टाकायचं, तोंड धुवायचं, थंड ओलं फडकं ठेवायचं, चोळायचं नाही. आणि खाली लाल शाईत, की आवाज घोगरा झाला, श्वासाला शिट्टी वाजायला लागली, एकामागून एक उलट्या झाल्या किंवा पोर मलूल पडली, तर औषध देऊन वाट बघत बसायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, उठायचं आणि हॉस्पिटल गाठायचं.

"पाठ झालं का, आई?"

"म्हणून दाखवू?"

"दाखवा."

दाखवलं. एका ठिकाणी अडखळले तर नातीनं मागून सांगितलं.

मी शाळेत सातवीपर्यंत. पुढे जे वाचलं ते पुड्या बांधून आलेल्या कागदांवरचं आणि वाचनालयातलं. इंग्रजी मला एकेक अक्षर लावून वाचावं लागतं. म्हणून सुनेनं दुसऱ्या कागदावर इंग्रजीतले पाच-सहा शब्द काढून दिले, की हे पाकिटावर दिसले तर पाकीट परत. दुकानात मी तो कागद धरून बिस्किटाच्या पुड्यांवर अक्षरं जुळवत उभी राहायचे आणि मागे रांग लागायची. दुकानदार म्हणाला, "काकू, परीक्षेला बसताय का?" म्हटलं, बसलेय. आणि निकाल पुण्याला लागणार आहे.

पहिले तीन दिवस काय मजेत गेले म्हणून सांगू. मी घरातला दुधाचा रतीब बंद केला आणि गवती चहाचं पाणी प्यायला लागले. पोरीचं पातेलं, डाव, ताट निराळं. मग लक्षात आलं की आमच्या किनाऱ्यावरच्या खाण्यात दूध असतंच कुठे? तांदळाची भाकरी, मासळीचं कालवण, घावन, नारळाच्या गोड रसात बुडवलेली खापरोळी, केळफुलाची भाजी. केळीच्या पानात वाफवलेल्या गोड पातोळ्या केल्या, तुपाऐवजी खोबरेल तेलाचं बोट लावून. पोर एका बैठकीत चार खायची आणि हात कोपरापर्यंत चाटायची. पनवेलला हिला वाढदिवसाला जाता येत नाही, केक असतो. शाळेत वेगळं बसून डबा खावा लागतो. इथे मी केलेलं सगळं तिचं. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "आजी, तुझ्या घरात कोणी नको म्हणतच नाही." हे ऐकून मी मोरीत जाऊन डोळे पुसले. कांदा चिरत होते असं सांगितलं.

चौथा दिवस शनिवार. पाहुणे अठरा. त्यात सकाळी नऊला वीज गेली ती गेलीच, आणि मदतीला येणारी बाई भाचीच्या हळदीला गेलेली. मिक्सर बंद. सोलकढीला नारळाचा रस हवा, तो अठरा माणसांचा पाट्यावर वाटायचा म्हणजे माझ्या मनगटाचं काम तमाम.

माझी थोरली जाऊ शेजारच्याच घरात राहते. तीही पाहुणे ठेवते. ती आतल्या भातशेतीच्या गावची, पन्नास वर्षं समुद्रावर काढून बोली तीच. मला पाट्याशी झटताना बघून म्हणाली, "कशाला मरतेस गो? रसाची पुडी आण ना. कोमट पाण्यात टाकायची, ढवळायची, झाला रस. मी दोन वर्सं तीच वापरते. पाव्हण्यांना समजत न्हाय."

"जाऊबाई, घरात चाळीस माड उभे आहेत."

"माड हायेत, पण वीज न्हाय ना."

तिनंच तिच्या घरातल्या दोन पुड्या आणून दिल्या. पुडीवर हिरवागार माड, फोडलेला नारळ, कोपऱ्यात शाकाहाराचा हिरवा ठिपका. बिस्किटावर पाच मिनिटं घालवणारी मी, या पुडीवर एक नजरसुद्धा टाकली नाही. चष्माच लावला नाही. नारळात नारळाशिवाय काय असणार? आमचा जन्म नारळाखाली गेला. कुणी आम्हाला नारळ वाचायला लावला नव्हता.

सोलकढी झाली. रंग सुरेख, गुलाबी. साडेबाराला पोरीला आधी जेवायला बसवलं, वाटीभर कढी दिली. अर्धी वाटी प्यायली आणि म्हणाली, "आजी, कढी चावते."

"लसूण जास्त झाला असेल गं बाय."

"लसूण नाही. जिभेला मुंग्या आल्या."

मी पाहुण्यांच्या पानांत मीठ वाढत होते. मागे वळून बघितलं आणि हातातली मिठाची वाटी खाली ठेवली. पोरीच्या वरच्या ओठाच्या कडेला लाली होती, हनुवटीखाली एक गांध उठत होती, आणि ती मान खाजवत होती. बघता बघता दुसरी, तिसरी. फ्रॉक वर केला तर पोटावरही.

आता सांगते, डोक्यात तो कागद आपोआप वाचला जात होता. तोंडातलं थुंकायला लावलं, चूळ भरायला दिली, तोंड-हात धुतले. औषध मोजून दिलं. ओलं फडकं मानेवर ठेवलं. मग लाल शाईतलं एकेक बघितलं. म्हटलं, "बाय, गाणं म्हण." ती म्हणाली, "आत्ता?" म्हटलं, हो, आत्ताच. तिनं शाळेतलं बेडकाचं गाणं म्हटलं, स्वच्छ आवाजात. छातीला कान लावला, शिट्टी नव्हती. उलटी नव्हती. पोर उभी होती, आणि गाण्याचं दुसरं कडवं येत नाही म्हणून वैतागली होती. मला तेवढ्यावर नाचावंसं वाटलं.

जाऊबाई धावत आली. "पित्त उठलंय. आमसुलाचं पाणी चोळ."

"चोळायचं नाही. चोळलं की वाढतं."

"बरं, मग निजव. तासाभरात उतरेल. आणि ऐक, पुण्याला सांगू नको हं. सून काय म्हणंल? परत पोर द्यायची न्हाय तुला."

मला तेच वाटत होतं. खोटं कशाला बोलू? गांधी उतरल्या की अंगावर खूणही राहत नाही. संध्याकाळी पोर समुद्रावर खेळली असती आणि कोणाला काही कळलं नसतं. पण कशामुळे झालं ते मला माहीत नव्हतं. रस्सा, भात, कढी, सगळं माझ्या हातचं. आता कारण सापडलं नाही तर उद्या पुन्हा तेच पोटात जायचं, आणि उद्या नुसत्या गांधींवर भागेल याचा भरवसा कोणी द्यावा? मी पहिला फोन अलिबागच्या डॉक्टरांना केला. त्यांचा नंबर कागदावर होता. ते म्हणाले, घेऊन या, दोन-तीन तास माझ्या नजरेसमोर बसू दे. दुसरा फोन सुनेला. वर्गात होती, लागला नाही.

पुढच्या अंगणात अठरा माणसं पानावर बसलेली, तव्यावर सुरमई. मी बाहेर जाऊन हात जोडले. म्हटलं, "माझ्या नातीला दवाखान्यात न्यायचंय. घर तुमचं. वाढून घ्या." पुण्याची एक बाई पदर खोचून उठली, म्हणाली, "काकू, तुम्ही निघा, मासे मी बघते." पुढारी मिळाला की आपली माणसं कामाला लागतात. संध्याकाळी परतले तर भांडी घासून पालथी घातलेली होती, आणि ओट्यावर माझ्यासाठी दोन तुकड्या झाकून ठेवलेल्या. जरा करपल्या होत्या, पण खाल्ल्या.

रिक्षात कागद नव्हता म्हणून मी पेनानं तळहातावर लिहिलं, कढी साडेबारा, मुंग्या लगेच, गांधी पावणेएक, औषध पावणेएक. डॉक्टरांपुढे हात पसरला तर त्यांना वाटलं मला भविष्य बघायचंय. मग वाचलं आणि म्हणाले, "आजी, एवढं नीट कोणी सांगत नाही मला. लोक म्हणतात, मघाशी कधीतरी झालं." त्यांनी पोरीला तपासलं, नाडी बघितली, घसा बघितला, बाकावर बसवलं. दोन वाजेस्तोवर पोटावरच्या गांधी फिक्या पडल्या. पोरीनं तिथल्या सगळ्या पेशंटांना काय काय झालंय ते विचारून घेतलं. एका आजोबांना म्हणाली, "मला दूध चालत नाही. तुम्हाला काय चालत नाही?" ते म्हणाले, "मला जिना."

तेव्हा सुनेचा फोन आला, व्हिडीओवर. मी सरळ सांगितलं. ती ओरडेल म्हणून डोळे बारीक करून घेतले होते.

"ओठ दाखवा. आवाज? उलटी?" सगळं बघितलं. मग म्हणाली, "कढीत काय होतं?"

"आमसुलं, लसूण, मिरची, मीठ, आणि नारळाचा रस." मग जिभेवर आलेलं गिळलं आणि पुन्हा वर काढलं. "पुडीचा."

 तिनं लगेच जाऊबाईला फोन करून रिकाम्या पुडीचा फोटो मागितला, जाऊबाईच्या नातवानं तो पाठवला. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं. सुनेनं ते मोठं करून वाचलं, की त्यात दुधातलं प्रथिन असतं, भुकटी पाण्यात विरघळावी म्हणून घालतात. म्हणजे माझ्या यादीतलाच शब्द. हिरवा ठिपका खोटा नव्हता. दूध शाकाहारीच की.

"मी उद्या येते," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

रविवारी सकाळी पाहुणे गेल्यावर मी पोरीचे कपडे घडी करून पिशवी भरली, औषधं वर ठेवली, पिशवी ओटीवर आणून ठेवली. मागण्याआधी दिलेलं बरं. पोर म्हणाली, "मी कुठे जातेय?" मी म्हटलं, "आई येतेय ना." तिनं पिशवीतून आपली भातुकली काढून घेतली आणि वाडीत पळाली.

सून अकराच्या गाडीनं आली. घामानं निथळत, रात्रभर झोप नसल्यासारखी. लेकीला उन्हात उभं करून पुढून-मागून बघितलं. अंग लख्ख होतं. मग ओटीवर बसली आणि पिशवीकडे बघितलं.

"ही कुणी भरली?"

"मी."

"का?"

"तू न्यायला आलीस ना?"

ती बराच वेळ पाणी पीत राहिली. मग म्हणाली, "आई, तुम्हाला एक सांगायचंय. रागावू नका. फेब्रुवारीत मी हिला पाव दिला होता, नेहमीचाच, पण दुकान बदललेलं. अंगभर उठल्या होत्या. आणि त्याआधी एकदा वेफर्स. दोन्ही वेळा आम्ही हॉस्पिटलला गेलो."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली सून, आणि हिला पाकीट वाचता येत नाही."

मी म्हटलंच असतं. मनातल्या मनात तरी नक्कीच. साडेचार वर्षं मी सायीच्या पंजाखाली दबून होते आणि ही पावाखाली, आणि दोघी एकमेकींना घाबरून फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारत होतो. मला हसू आवरेना. तिलाही आवरेना. हसता हसता ती जरा रडलीही, मग नाक पुसून म्हणाली, "तुम्ही लपवलं असतं तर मी आज पोरीला घेऊन गेले असते. खरंच गेले असते."

जाऊबाई कुंपणापलीकडून ऐकत होतीच. ती आमसुलं वाळत घातलेलं सूप घेऊन आली. ऐकत नव्हते असं दाखवायला हातात काहीतरी लागतं. म्हणाली, "पुडी माझी होती हां. शिव्या द्यायच्या तर मला दे."

"काकू, तुमच्याकडे अजून किती पुड्या आहेत?"

"सात."

"त्या पाहुण्यांच्याच. आमच्या घरात नको."

"दारात माड हायेत तर मी तरी पुड्या कशाला वापरू?" असं म्हणून ती पाटा धुवायला बसली, आणि तिघींनी मिळून चार नारळ वाटले. सुनेला पाटा धरता येत नव्हता, रस कोपरावरून गळत होता. जाऊबाई म्हणाली, "ऑफिसात हेच शिकवत होते का पुण्याला?"

दुपारी जेवणात सोलकढी केली. पोरीनं वाटी समोर घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, भीती वाटत असेल तर नको पिऊ. तिनं आधी बोट बुडवून चाटलं, थांबली, आम्ही तिघी थांबलो. मग वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली.

चार वाजता सून उठली. पिशवी उचलून आत नेली आणि कपडे परत कपाटात लावून ठेवले. औषधं फडताळात वरच्या फळीवर, माझा हात पोचेल अशी. निघताना एसटीच्या थांब्यावर म्हणाली, "ट्रेनिंग गुरुवारी संपतं. पण शाळा जूनला सुरू होते."

"मग?"

"मग तुम्हीच बघा, किती दिवस झेपेल ते."

मी म्हटलं, "शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ये न्यायला. त्याच्या आधी आलीस तर जेवायला बस, पण पोर मिळणार नाही."

गाडी वळेपर्यंत पोर हात हलवत होती. मग माझं बोट धरून म्हणाली, "आजी, उद्या पातोळ्या," आणि मी पातोळ्यांचं पीठ रात्रीच भिजवायचं ठरवून घराकडे वळले.